इंगळेसाहेबांची लांब पल्ल्याची लेन्स

आपल्याच लग्नात, गळ्यात हार पडायच्या आधी, इंगळेसाहेबांनी नवरीच्या शालूचा एक धागा चिमटीत धरला, ओढला, उजेडाकडे करून पाहिला आणि सासऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "यात कवडी आहे."

इंगळेसाहेब नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, चिमूटभर कापूस काढून दोन्ही अंगठ्यांनी ताणायचे आणि निकाल द्यायचे. पिवळा पडलेला, किडका कापूस म्हणजे कवडी. साहेब 'कवडी' म्हणाले की गाडीवाल्याचं तोंड उतरायचं. माणूस सचोटीचा. कापूस आणणाऱ्याचा चहा घेतला नाही आणि मालकाचाही नाही. त्यामुळे दोघांच्याही शिव्या त्यांना सारख्याच मिळत.

जिनात हे ठीक होतं. पण साहेब तीच चिमूट घेऊन गावभर हिंडत. माझ्या फोटो स्टुडिओतला नवा पडदा पाहिला आणि म्हणाले, "कवडी." पडद्यावर ताजमहाल होता. घरी वहिनींच्या वरणात कवडी, मुलगा सुधाकर पहिल्या वर्गात पास झाला तर त्याच्या गणितात कवडी. निम्मीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला आलेल्या मुलाच्या कोटाची बाही त्यांनी चिमटीत धरली, तेव्हा ती मंडळी पोहे अर्धे टाकून उठली.

साहेबांना एकच शौक होता, फोटोचा. बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी जर्मन कॅमेरा घेतला होता. दर उन्हाळ्यात ते घरच्यांना कुठे ना कुठे सहलीला नेत आणि परत आले की रोल माझ्याकडे धुवायला देत. ते रोल धुताना मला कंटाळा येई. धबधबा असो, देऊळ असो, पुढे तीच तीन माणसं: वहिनी, सुधाकर, निम्मी. हात मांड्यांना चिकटलेले, ओठ मिटलेले. सरकारी कागदाला चिकटवायला काढावेत तसे फोटो.

अशात एकदा साहेब दुकानात आले आणि म्हणाले, "मले टेलिफोटो लेन्स पाह्यजे. सहलीसाठी."

मी हसलो. टेलिफोटो म्हणजे दूरची वस्तू जवळ आणणारी लांब नळकांड्यासारखी लेन्स. वाघ नाही तर क्रिकेट, यापलीकडे आमच्याकडे तिचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. तरी मुंबईचा एक व्यापारी मला फोटोचा कागद पाठवायचा, त्याला सांगून मी एक जपानी लेन्स पाहायला मागवली. छोटी, सुबक. मी म्हणालो, "साहेब, घरच्या माणसांसाठी ही पुष्कळ झाली. हिलासुद्धा चार पावलं मागं सरावं लागते."

"चारच?" साहेब म्हणाले. लेन्स कापसासारखी उजेडात धरली. "कवडी."

दुसरी आली ती झूम. फिरवली की जवळचं दूर, दूरचं जवळ. माझा स्वतःचाच जीव तिच्यावर बसला होता. "यात सगळं येते, साहेब. माणूस जवळ असो का दूर."

"जवळचं येते हेच तर वाईट आहे." त्यांनी ती परत केली. "मले जवळचं नाही पाह्यजे."

मी वैतागलो. "सहलीला घरच्यांना घेऊन जाता का घरच्यांपासून पळता?"

जाताना साहेबांनी माझ्या काउंटरवरचा धुळीचा पट्टा बोटाने पुसून मला दाखवला.

तिसरी लेन्स आली ती तोफ होती. तीनशे मिलिमीटरची, लोखंडासारखी जड. तिला तीन पायांचा स्टँड वेगळा लागे. ती साहेबांना पसंत पडली, म्हणजे त्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. पण परीक्षा घेतल्याशिवाय ते कापूससुद्धा घेत नसत. ते उठले ते थेट स्टेशनवर गेले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला स्टँड मांडून दूरच्या सिग्नलवर नेम धरला. लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते, हेर म्हणून कोणालाही धरत. पोलीस धावत आला.

"काय करून राह्यले इथं?"

"सिग्नलचा गंज पाहून राह्यलो."

"काऊन?"

"दिसते का नाही म्हणून."

मला निरोप आला तेव्हा साहेब चौकीत बसले होते. मी हवालदारापुढे हात जोडत होतो, आणि हे महाराज त्या पोलिसाच्या खाकी शर्टाची कॉलर चिमटीत धरून सांगत होते, "सरकारले फसवलं बे कोणीतरी." आम्ही सुटलो ते हवालदाराला हसू आवरलं नाही म्हणून.

त्या मे महिन्यात चिखलदऱ्याचा बेत ठरला. निघायच्या आधी वहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, तुम्हीबी चला ना. बाहेरचं माणूस असलं का ते जरा कमी बोलतात." माझं कुटुंब माहेरी गेलं होतं. मी गेलो.

वर पोचल्यावर दरीच्या कडेला वहिनींनी सतरंजी टाकली, शेवचिवडा काढला. साहेबांनी चिवड्यातला एक दाणा उचलून पाहिला. निम्मीचं बोलणं मध्येच थांबलं. "तुम्ही खा," साहेब म्हणाले, खांद्यावर स्टँड टाकला आणि दरीला वळसा घालून पार पलीकडच्या कडेला निघाले. ते जड धूड घेऊन एकटा माणूस जातोय म्हणून मीही मागे गेलो.

पलीकडून आमची माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. साहेबांनी कॅमेरा लावला, डोळा टेकवला आणि बराच वेळ हलले नाहीत. मग एकदम खटका दाबला. पुन्हा दाबला.

"पाहा," ते बाजूला झाले.

मी डोळा लावला. आवाज काहीच येत नव्हता. सुधाकर उभा होता. त्याने निम्मीच्या वेणीतला एक केस चिमटीत धरला, दोन्ही अंगठ्यांनी ताणला, मान तिरपी करून उजेडाकडे पाहिलं आणि ओठ हलवले. तो काय म्हणाला ते मला इथून ऐकू आलं. निम्मी सतरंजीवर लोळली. वहिनी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढ्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

मी डोळा काढला. साहेबांकडे पाहायचा धीर होईना.

"मान अजून थोडी तिरपी पाह्यजे," साहेब म्हणाले. "बाकी चांगली करते नक्कल." आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

मला राग आला. पोराचा आला, या माणसाचाही आला. "साहेब, जरा गोड बोलत जा ना घरात. तुमचेच लोक आहेत."

"लय वेळा ठरवलं. घरात पाय ठेवला का ते तिघं चूप होतात. मंग त्या चूपमध्ये मले काही सुचत नाही. जे जिनात बोलतो थेच तोंडातून निघते." त्यांनी फिल्म पुढे सरकवली. "निम्मी हसली का तिच्या गालावर खळी पडते. तुम्हाले माहीत होतं? मले आज दिसली."

रोल संपला. मी त्यांना ओढतच परत नेलं. आम्ही वळणावर दिसताच सुधाकर खाली बसला, निम्मीने वेणी मागे टाकली, वहिनींनी पदर सावरला. साहेब सतरंजीच्या काठावर बसले. काहीतरी बरं बोलायचं त्यांच्या मनात असावं, कारण त्यांनी दोनदा घसा साफ केला. शेवटी चिवडा तोंडात टाकून म्हणाले, "चिवड्यात मीठ जास्त आहे." वहिनींनी डबा झाकला.

नांदुऱ्याला आल्यावर मी तो रोल धुतला. माझ्या हातून निघालेलं तेवढं चांगलं काम दुसरं नाही. मोठ्या कागदावर प्रिंट काढले, पाकिटात घातले आणि साहेबांना म्हणालो, "घरी न्या. वहिनी खूश होतील."

साहेबांनी एकेक फोटो पाहिला. मग सगळे परत पाकिटात घालून पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"तुमच्यापाशीच ठेवा. घरी दाखवू नका."

"अहो, काऊन पण?"

"त्यांले समजन ना, का मी पाहून राह्यलो होतो. मंग मी दूर असलो तरी हसणार नाहीत."

पाकीट माझ्या डार्करूमच्या फळीवर राहिलं. जिनाला सुट्टी असली की साहेब येत, काळा पडदा सारून आत जात आणि तांबड्या दिव्याखाली बसत. एका दुपारी आतून हसल्यासारखा आवाज आला. बारीक, कोरडा, सवय नसलेल्या गळ्याचा. मी पडद्याला हात लावला आणि मागे घेतला. काउंटरवर एक गिऱ्हाईक मोठमोठ्याने पासपोर्ट फोटोचा भाव विचारत होतं. मी त्याला म्हटलं, "हळू बोला भाऊ. आत काम चालू आहे."