कुकरची किरकोळ रजा

वाघेरी नगरपालिकेत स्वयंपाकाच्या शंकांसाठी जी खिडकी आहे, तिथे एक प्रेशर कुकर नोकरीला आहे. जन्मनोंदणीच्या शेजारीच त्याचं टेबल. भात चिकट का झाला, भिजवूनही छोले कडक का राहिले, साबुदाण्याचा गोळा का होतो, असं कुणीही त्याला विचारू शकतं. कुकर नीट ऐकून घेतो, थोडी वाफ सोडतो आणि उत्तर देतो. उत्तरं सहसा बरोबर असतात, त्यामुळे तक्रारी नाहीत.

श्रावणात एके दिवशी दिगंबर खांबेटे त्या खिडकीशी गेले. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई अंगणात घसरून पडल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून घरात रोज खिचडी चालली होती. शुक्रवारी बाईंचा वाढदिवस. दर वर्षी त्या दिवशी पुरणपोळ्या व्हायच्या, आणि त्या बाई स्वतःच करायच्या. या वर्षी आपण कराव्यात, आणि बाईंना आधी कळू देऊ नये, असं खांबेट्यांनी ठरवलं होतं.

कुकरने त्यांना डाळ कशी शिजवायची, पाणी कधी निथळायचं, गूळ कधी घालायचा ते सांगितलं. बाई देवळात गेल्या असताना खांबेट्यांनी करून पाहिलं. पोळी पोळपाटालाच चिकटली. ते परत गेले. कुकरने कणीक सैल भिजवून झाकून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला पोळी तव्यापर्यंत पोचली, पण पुरण कडेने बाहेर आलं. खांबेटे तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून कुकर म्हणाला, की हे खिडकीत बसून कळण्यातलं नाही, बघावं लागेल. आणि त्याने शुक्रवारची अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मागितली.

मुख्याधिकारी ढवळीकरबाईंना यात अडचण दिसली. रजेवर असताना सल्ला दिला तर तो खासगी धंदा होतो, असं त्यांचं म्हणणं.

"मी सल्ला देणार नाही, फक्त बघेन," कुकर म्हणाला. "बघताना तोंडून काही गेलंच, तर ती वाफ समजावी."

बाईंनी विचार करून रजा दिली. बदली म्हणून परवाना विभागातला मिक्सर बसवला. तो सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देत असे, पण खिडकी उघडी राहिली.

शुक्रवारी खांबेटे कुकरला मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. गुपित दारातच फुटलं. कुमुदिनीबाईंनी काय काम काढलंत म्हणून विचारलं, आणि सरकारी नोकर असल्यामुळे कुकरला खोटं बोलता येईना. बाई बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

शेगडीवर घरातला कुकर होता. तो बोलणारा नव्हता. त्याने मुकाट्याने डाळ शिजवून दिली. पुढे गूळ विरघळला, कढईत पुरण रटरटू लागलं, तेव्हा पाहुण्या कुकरने झालं, उतरवा, असं सांगितलं.

"अजून नाही," बाहेरून आवाज आला.

"बाई, डाळ मऊ शिजलीय."

"डाळ शिजली. पुरण व्हायचंय."

खांबेटे डाव हातात धरून उभेच राहिले. कुकरने थोडी वाफ सोडली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "खांबेटे, मी जन्मभर झाकणाच्या आत काम केलं. उघड्या कढईत पुढे काय होतं, ते मला ठाऊक नाही. त्यांना विचारा."

खांबेट्यांना ओशाळल्यासारखं झालं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला चष्मा कुठे आहे ते विचारलं होतं, सदरा कुठे आहे ते विचारलं होतं. हे तू कसं करतेस, असं मात्र कधी विचारलं नव्हतं. ते दारापर्यंत गेले.

"कुमुद, झालं कधी म्हणायचं?"

बाई लगेच उठल्या. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होत्या. डाव मधोमध उभा करून बघा, त्यांनी सांगितलं, पडला तर ढवळत राहा. डाव पडला. खांबेटे ढवळत राहिले. बाई शेजारी उभ्या राहून आच कमी का करायची, पुरण गरम असतानाच का वाटायचं, पोळी कडेपर्यंत कशी लाटायची, सगळं सांगत होत्या आणि मध्येच हसत होत्या. शेवटी डाव उभा राहिला. कुकरने तो जवळ सरकून नीट पाहून घेतला.

पहिली पोळी वेडीवाकडी झाली. चित्रकलेच्या मास्तरांना ती वाढायची लाज वाटली. बाईंनी डाव्या हाताने तुकडा मोडला, तूप लावून खाल्ला, कड जरा कच्ची आहे म्हणाल्या आणि दुसरी मागितली.

सोमवारी कुकरने ढवळीकरबाईंपुढे सगळं खरंखरं सांगितलं. वाफ गेली होती, हे कबूल केलं. शिवाय झाकण न लावता होणाऱ्या पदार्थांबद्दल खिडकीत कुणालाच काही कळत नाही, हेही सांगितलं. ढवळीकरबाईंनी शिपायाला आणखी एक खुर्ची मांडायला लावली.

प्लास्टर निघाल्यापासून कुमुदिनीबाई रोज तिथे बसतात. पंख्याखालची जागा कुकरने त्यांना दिली आहे. पहिल्याच दिवशी एका बाईंनी येऊन विचारलं, की कुकरचं झाकण लवकर उघडायचं असेल तर काय करावं.

कुमुदिनीबाईंनी शेजारी पाहिलं. "हे तुम्ही सांगा."

"थांबावं," कुकर म्हणाला.