मंगलताई आणि नऊ चेहरे

पोस्टर तयार झालं की आमच्या मंगलताई त्याच्याकडे तोंड करून उलट्या चालत जातात. नांदेडात, भर रस्त्यात. रिक्षावाले थांबतात, ताई थांबत नाहीत. पलीकडच्या चहाच्या गाड्याला पाठ टेकली की डोळे बारीक करून तिथूनच सांगतात, "तारीख अजून दिसून न्हाई राहिली." मी फ्लेक्स छापतो, त्या डिझाइन करतात. इतक्या वर्षांत या परीक्षेतून माझं एकही पोस्टर सुटलेलं नाही.

यंदा मराठवाडाभरच्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन नांदेडात ठरलं आणि जाहिरातीचं काम आमच्याकडे आलं. समितीच्या अध्यक्षांनी नऊ फोटो पाठवले, स्वतःचा आणि आठ सदस्यांचे. ताईंनी ते बाजूला ठेवून त्या जागी चित्रकारांची नावं घातली. अध्यक्ष तणतणत दुकानात आले. ताई माऊसवरचा हात न काढता म्हणाल्या, "चित्रांचं प्रदर्शन हाय साहेब, तोंडांचं न्हाई."

काम हातचं जाईल म्हणून मीच हळूच म्हटलं, घालून टाका फोटो. ताईंनी घातले, नऊच्या नऊ. मग तो फ्लेक्स दुकानावर टांगला, अध्यक्षांना रस्त्यापलीकडे नेलं आणि कार्यक्रम कशाचा आहे ते वाचायला सांगितलं. अध्यक्षांनी डोळे बारीक केले, पण चेहऱ्यांपुढे अक्षरं काही दिसेनात. तेवढ्यात चहा पिणाऱ्या एकानं त्यांनाच विचारलं, वाढदिवस कुणाचा आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष नावांवर राजी झाले. नऊ चेहरे निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या पानावर गेले.

उद्घाटनाला आम्ही दोघं दारातल्या पोस्टरजवळ उभे होतो. लोक वाकून आपापल्या माणसाचं नाव शोधत होते, बोट ठेवून एकमेकांना दाखवत होते. नावांसाठी एवढं का अडून बसलात, असं मी ताईंना विचारलं.

"दहावीत माझं चित्र हितंच नांदेडात लागलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तापानं पडलेली. माय एकटीच उमरीहून बघायला आली. पण चित्रांखाली नावंच न्हवती."

"मग?"

"प्रत्येक चित्रापुढं सारखाच वेळ उभी राहिली म्हणे. घरी आली न् मला म्हणाली, सगळीच लई चांगली होती."