गहू चाळीबाहेर गेला

सुंदराबाईंच्या शकूचं लग्न झालं ते छप्पन साली. त्याच साली त्यांच्या परळच्या चाळीतला रामदास संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेला. त्याच्या बायकोचं, यशोदेचं घर चालावं म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाने रोज मूठभर गहू जिन्याखालच्या पिंपात टाकायचा, असं ठरलं. पिंपाची किल्ली सुंदराबाईंकडे. नियम एकच, हा गहू चाळीबाहेर जाता कामा नये.

एका सोमवारी सकाळी त्याच सुंदराबाई गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन बाहेर पडताना तळमजल्यावरच्या कोंडीरामला दिसल्या. संध्याकाळी त्या रिकाम्या हाताने परतल्या, तोवर सभा भरली होती.

"किल्ली काढून घ्या त्यांच्याकडनं," कोंडीराम म्हणाला.

पण अध्यक्ष अप्पांनी सकाळीच पेपरात वाचलं होतं, की कुठल्याशा दूरदेशीच्या पार्लमेंटात गहू परदेशी धाडण्याच्या कायद्याची चौकशी करावी की नाही, यावरच दोन दिवस वाद चाललाय.

"असं एकदम नाय करता येत, कोंडीराम. आधी चौकशी करायची का ते ठरवू. मग चौकशी. मग किल्ली."

"अहो अप्पा, मी सांगते ना कुठं नेला तो," सुंदराबाई म्हणाल्या.

"खाली बसा बाई. तुम्हाला विचारलं म्हणजे चौकशीच झाली की. ती अजून मंजूर कुठं झालीय?"

हे सगळ्यांना पटलं. शिवाय अंदाज बांधण्यात मजा होती. कोणी म्हणे, डबा माटुंग्याला शकूच्या सासरी गेला. कोणी म्हणे, वाण्याला विकला. मंगळवारी दोन्ही बाजूंची भाषणं झाली.

"अप्पा, एवढं तरी ऐका, त्या पिंपात..." सुंदराबाई म्हणाल्या.

"पिंप हा चौकशीचा विषय आहे. त्याला कोणी हात लावायचा नाय." अप्पांनी पिंपाला वर आपलंही कुलूप घातलं.

बुधवारी यशोदा उभी राहिली. "वाद घाला हो खुशाल. पण माझी पोरं कालपासून पेजेवर आहेत." अप्पांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं.

गुरुवारी चौदा विरुद्ध तेरा मतांनी चौकशी मंजूर झाली.

"हं, सांगा आता," अप्पा म्हणाले.

"गव्हाला कीड लागलेली. चाळीत ऊन कुठं येतं? म्हणून डबाभर शीव कोळीवाड्यात माझ्या ओळखीच्या गंगुबाईच्या अंगणात वाळत घातला. बाकीचा मंगळवारी न्यायचा होता."

दोन्ही कुलपं उघडली. पिंपात गव्हापेक्षा किडेच जास्त होते, आणि उरलेला गहू आतून पोकळ.

"मग हे सांगायला चार दिवस लावलेत होय?" कोंडीरामने विचारलं.

शुक्रवारी त्या गंगुबाईकडचा डबा घेऊन आल्या. चाळीच्या मालकीचा तेवढाच गहू शाबूत राहिला होता. त्याला सुक्या बोंबलांचा वास येत होता, त्यामुळे यशोदेची पोरं कोरड्याच चपात्या दोन-दोन जास्त खाऊन उठली. किल्ली सुंदराबाईंकडेच राहिली.

या धामधुमीत अप्पांचे त्या आठवड्याचे पेपर न वाचताच रद्दीत गेले. त्या पार्लमेंटात शेवटी चौकशी झाली का, हे ते पुढे भेटेल त्याला विचारत राहिले. कोणालाच ठाऊक नव्हतं.

अप्पा वारले त्रेसष्ट सालच्या श्रावणात, एका मंगळवारी. शोकसभा घ्यायची की नाही, यावर चाळीत कोणी चर्चा केली नाही; ती त्याच संध्याकाळी भरली.