नाना परबांचा क्लच

गाडीखाली शिरताना नाना परब टाय लावायचे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत टाय लावून ऑफिसला जाणारे दोघे-तिघे होते, पण रविवारी टायचं टोक शर्टाच्या बटणांमधून आत खुपसून चटईवर उताणा पडणारा माणूस एकच. कुणी हसलं की गाडीखालून आवाज यायचा, "सर्जन काय गंजीफ्रॉकावर पोट कापतो?"

नाना सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ओळखीचा एक म्हातारा पारशी मुलाकडे परदेशी निघाला आणि जाताना आपली लाल, बुटकी, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्‌स कार नानांच्या गळ्यात बांधून गेला. गाडीत सीटं दोन आणि नानांच्या घरात माणसं दोन, ते आणि काकू. "फिटिंग करेक्ट आहे," नाना म्हणायचे.

प्रत्येक अडचणीवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, "ही टेक्निकल बाब आहे." नळाला पाणी नाही, टेक्निकल बाब. सेक्रेटरी शहांचा जावई रुसून बसला, टेक्निकल बाब. शहांना तो जावयाचा अपमान वाटला, तर त्यावरही नानांचं उत्तर तेच.

एका सकाळी नाना गाडी ढकलत गेटातून आत आले. मागून काकू मान खाली घालून ढकलत होत्या. जळका वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला.

"क्लच जाळला मी," नानांनी आपण होऊन जाहीर केलं. "चढावर पेडलवर पाय ठेवून बसलो. गाढवपणा!"

मग काय, बिल्डिंगला विषय मिळाला. शहा तर जिन्यात भेटले की नाक दाबायचे. गॅरेजमध्ये द्या म्हटलं, तर नाना उखडले. "घरच्या माणसाला कुणी परक्या हातात देतं का रे? वसंता, रविवारी ये. तुझे हात लांब आहेत."

आमचे हात लांब, म्हणून आमचा रविवार गेला.

क्लच बदलायचा तर आधी गिअरबॉक्स काढायचा, आणि या बाईचा गिअरबॉक्स निघणार गाडीच्या पोटातून. म्हणून आधी सीटं बाहेर. ड्रायव्हरची सीट उचलली तर खाली केसांचे चार-पाच आकडे आणि अबोलीच्या गजऱ्याचा सुकलेला वळेसर. मी नानांच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं.

"नाना, हे..."

"पार्ट आहेत," ते म्हणाले आणि सगळं खिशात टाकलं. "बारीक पार्ट."

वर गॅलरीत काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी झटकन तोंड फिरवलं. नाना माझ्याजवळ सरकले.

"कुणाला बोलू नकोस. ती शिकतेय. पहाटे, रस्ता मोकळा असतो तेव्हा. लग्न होऊन आली तेव्हापासून कधी तोंडातून 'हवं' म्हणून शब्द नाही. या गाडीत बसली आणि पहिल्यांदा म्हणाली, मला चालवायला शिकवा. चढावर घाबरली, पाय उचलेना. आता गाडीला हात लावत नाही. त्या रात्री जेवलीसुद्धा नाही."

"पण सगळे तुम्हाला हसतायत."

"मला हसू देत. मला ऑफिसात सवय आहे."

पुढचं काम म्हणजे सर्कसच. क्लचची जुनी प्लेट काळी ठिक्कर पडली होती. नवी बरोब्बर मध्यावर बसवायला नानांनी काकूंचं लाटणं तासून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि ते प्लेटच्या भोकातून घातलं. संध्याकाळपर्यंत घाम गाळून गिअरबॉक्स आत ढकलला, शेवटचा बोल्ट आवळला. मी पेडल दाबलं, गिअर काही पडेना. गाडीखालून नानांचा बारीक आवाज आला, "वसंता, प्लेट उलटी बसलीय."

"आता?"

"टेक्निकल बाब आहे."

पुढच्या रविवारी सगळं पुन्हा खोललं. या खेपेला प्लेट सुलटी बसली, गाडी सुरू झाली, गिअर लोण्यासारखा पडला. शहांसकट सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत आली. आता नाना ऐटीत चक्कर मारणार, असं सगळ्यांना वाटलं. पण नानांनी हात पुसले, वर जाऊन काकूंना हाताला धरून खाली आणलं आणि सर्वांदेखत किल्ली त्यांच्या मुठीत कोंबली.

काकू चोरट्या नजरेने वर बघत पुटपुटल्या, "माका नको. परत जळतली."

"जळली तर परत घालूया," नाना म्हणाले. "आता माका येता."

काकू बसल्या. पदर खोचला, चप्पल काढून मागे टाकली. गाडीने एक गचका खाल्ला नि बंद पडली. वरून कुणीतरी हसलं. नाना बाजूच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन शांत बसले होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. काकूंनी पुन्हा किल्ली फिरवली. दुसरा गचका बसला, मग गाडी हळूच सरकली आणि गेटातून बाहेर पडली.

मी गेटापर्यंत धावलो. काकू ताठ बसून समोर बघत होत्या. नाना मात्र रस्ता सोडून एकटक त्यांच्याकडेच बघत होते.