तांबड्या रेघेची पिशवी

त्या इस्पितळात बाळंतपणात कुठल्याही बाईचं तीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त कधीच गेलं नव्हतं. वैद्यकशास्त्राला थक्क करणारी ही कामगिरी अधीक्षकांनी अगदी साध्या उपायाने साधली होती : ते रक्त मोजत नसत. प्रसूतिगृहाच्या दारात उभं राहायचं, आत एक नजर टाकायची आणि "तीनशे" म्हणायचं. चादर भिजली तरी तीनशे, गादी भिजली तरी तीनशे. एकदा तर बाई अजून बाळंत व्हायची होती, तरी सवयीने तोंडून तीनशे निघून गेलं.

'शून्य अतिरक्तस्राव' या कामगिरीची फिरती ढाल त्यांच्या खुर्चीमागे इतकी वर्षं टांगलेली होती, की ती फिरायचंच विसरली होती.

आणि मग वरच्या कार्यालयातून रक्त मोजायच्या पिशव्या आल्या. बाळंतिणीखाली पसरायच्या, पारदर्शक, टोकाला निमुळत्या. पिवळी रेघ म्हणजे सावध व्हा, तांबडी म्हणजे धावा. पहिल्याच दिवशी तांबडी रेघ बुडाली. मोठ्या सिस्टर धावल्या. इंजेक्शन झालं, सलाईन झालं, आणि थोड्या वेळाने बाई चहा मागू लागली.

अधीक्षकांचा चहा मात्र कडू झाला.

"सिस्टर, या पिशव्या यायच्या आधी आपल्याकडे असं कधी घडलं होतं?"

"मोजलंच नव्हतं, साहेब."

"म्हणजे घडलं नव्हतं. पिशवी आली आणि रक्त जायला लागलं!"

"अहो, थर्मामीटर लावला म्हणून कुणाला ताप येतो का?"

"वॉर्डातला थर्मामीटर फुटल्यापासून एकाला तरी आलाय का ताप?"

समिती बसली, चहा प्यायली आणि तिने पिशवी ही 'रक्तस्रावास उत्तेजन देणारी वस्तू' असल्याचं एकमताने ठरवलं. पिशव्या कपाटात गेल्या, किल्ली अधीक्षकांच्या खिशात.

"एखादी बाई हातची जाईल, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"अशुभ बोलू नका. ढाल बघा ती."

ढाल बघूनच अधीक्षकांच्या जावयाने बायकोला बाळंतपणासाठी तिथे आणलं. नात झाली, ठणठणीत रडली. आजोबा दारात उभे राहिले, आत नजर टाकली आणि म्हणाले, "तीन..."

लेकीचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"सिस्टर, किती गेलंय?"

"तुम्ही म्हणाल तेवढं."

"ही काय थट्टेची वेळ आहे? नीट सांगा!"

"कशात बघून सांगू?"

अधीक्षक कपाटाकडे असे धावले, की एक चप्पल वाटेतच राहिली. पिशवी पसरली. पिवळी रेघ बुडाली, पाठोपाठ तांबडीही. मग सगळेच धावले. बऱ्याच धावपळीनंतर लेकीने डोळे उघडले.

"बाबा, रडताय?"

"छे गं! चष्म्यावर वाफ आलीय."

सिस्टरांनी कपाळाचा घाम पुसला. "साहेब, पिशव्या आता बाहेरच ठेवते. आणि हिची नोंद किती करू?"

अधीक्षकांनी झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या, आपल्या खुर्चीमागच्या ढालीकडे. चष्मा पुसला, चप्पल शोधून पायात घातली.

"तीनशे," ते म्हणाले, आणि कपाटाला कुलूप लावलं.

शेजारच्या खाटेवर एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. तिच्या नवऱ्याने चार ठिकाणी चौकशी करून हेच इस्पितळ निवडलं होतं. ढाल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. इथे मोजतात कसं, हे विचारलं नव्हतं. आपण तरी कुठे विचारतो?

किल्ली खिशात घालून अधीक्षक घरी गेले.