शंख वजनदार हवा

धुळ्यात नाकं पुष्कळ आहेत. पण ज्याने म्युनिसिपालिटीची एकवीस वर्षं चाकरी केली असं नाक एकच, आणि ते मी, तोताराम, माझ्या चेहऱ्यावर वागवतो. जकातनाक्यावर असताना भुशाच्या पोत्यात लपवलेलं तूप मी नुसत्या वासावरून पकडलं होतं. पोत्यातून तूप गळत होतं, ही बाब गौण. पेन्शनीत निघाल्यावर मी खासगी डिटेक्टिव्हचा धंदा मांडला. तपकिरीमुळे हल्ली नाकाला काही कळत नाही. पण खरा डिटेक्टिव्ह वास डोक्याने घेतो.

छत्तीस सालच्या माघात सरकीचे व्यापारी लखीचंद शेठ यांच्या आईने, धापूबाईंनी, मला बोलावणं धाडलं. उंबऱ्यातच त्यांनी माझ्या हातावर देवाचं तीर्थ घातलं. किंचित खारट लागलं. श्रीमंताघरचं तीर्थ, म्हटलं, मसाला असेल.

"भाऊ, घरात मासळी शिरली आहे," त्या कुजबुजल्या. "जिथे सात पिढ्यांत कांदा शिजला नाही तिथे!"

"कधीपासून?"

"ही दोघं समुद्र बघून आली तेव्हापासून. लग्नाला वर्ष नाही झालं, आणि नवरा-बायको चार दिवस अलिबागला हवा खायला! हवाच खाल्ली की आणखी काही, ते तुम्ही शोधा. सुनेला पडवीत बसवली आहे. शनिवारपर्यंत छडा लागला नाही तर तिच्या भावाला तार करते, घेऊन जा म्हणते. कायमची."

सून धनकुंवर पडवीत खांबाला टेकून बसली होती. सहा दिवस तिला चूल बंद होती, देवघर बंद होतं, तीर्थसुद्धा बंद होतं. तिचं ताट काठीने पुढे सरकवत.

"वास सर्वांत जास्त कुठे येतो?" मी विचारलं.

"देवघरात," धापूबाई म्हणाल्या. "पाप देवालाच आधी कळतं ना!"

तर्क पटण्याजोगा होता. मी देवघराला बाहेरूनच नमस्कार केला आणि लखीचंदची उलटतपासणी घेतली.

"बोटीने गेलो," तो म्हणाला. "ओहोटीत चालत कुलाब्याच्या किल्ल्यावर गेलो. जंजिरा होडीतून बघितला. घरच्या पुऱ्या तिसऱ्या दिवशी संपल्या, मग एका खानावळीत भात घेतला. सोबत गुलाबी पाणी दिलं."

"गुलाबी!" मी ओरडलो. "माशाचं रक्त!"

"सोलकढी होती ती," पडवीतून धनकुंवर म्हणाली. "नारळाच्या दुधाची."

आरोपीला पदार्थाचं नाव पाठ आहे, अशी मी नोंद केली.

"आणि आईने सांगितलेला शंख आणला, देवासाठी," लखीचंद म्हणाला. "वाळूतले सगळे हलके निघाले. म्हणून खडकाला चिकटलेला एक उपटला. तोलला तर अच्छेर भरला, चांगला अर्धा शेर!"

"सरकी असो की शंख," धापूबाई अभिमानाने म्हणाल्या, "हलका माल या घरात येत नाही. सहा दिवस त्याच्यातूनच अभिषेक करते. इतका भरीव, की दोन पळ्यांवर पाणी मावत नाही."

हा मजकूर मी 'असंबद्ध' या सदरात टाकला.

मग माझी बुद्धी खरी धावू लागली. जंजिरा कुणाला जिंकता आला नाही. असा किल्ला बघायला आलेल्यांना तो मोकळं सोडेल? नक्कीच कुणीतरी यांच्या वळकटीत सुके बोंबील कोंबले असणार. मी गादी फाडली. आत कापूस निघाला, तोही उत्तम प्रतीचा. मग खारा वारा कपड्यांत मुरला असावा म्हणून दोघांचे कपडे एकत्र उकळवले. साडीचा हिरवा रंग धोतराने घेतला. वास होता तिथेच राहिला. शुक्रवारी तर वाढला. त्यावरून मी सिद्ध केलं की गुन्हेगार घरातच असून रोज जेवतो.

"म्हणजे मीच!" धनकुंवरचे डोळे भरून आले. "रोज जेवते ना मी!"

धापूबाईंनी तारेचा कागद मागवला. एवढ्यात अंगण झाडणारी भागाबाई खराटा टेकून उभी राहिली. ही पांझरेकाठची भोईण. मासे खाते, म्हणून वासाबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं.

"नाना," ती मला म्हणाली, "वास त्या शंखना शे. आत जीव मरेल शे."

"तू देवघरात गेली होतीस?" धापूबाई कडाडल्या.

"माले तठे जाऊ देतस नै, अक्का. पन वासले कोन आडवस?"

धापूबाईंनी शंख बाहेर आणला. मी तो नाकाला लावून दीर्घ श्वास घेतला आणि जाहीर केलं, "शंख निर्दोष आहे!"

भागाबाईने खराट्याची एक काडी मोडली, शंखाच्या तोंडात घातली आणि पीळ दिला. आतून काळी, वेटोळी, बोटभर लांब अशी एक मयत गोगलगाय अंगणात पडली. लखीचंद तोंडाला धोतराचा सोगा लावून मोरीकडे धावला. धापूबाई मात्र हलल्या नाहीत. त्या मनात इतक्या दिवसांच्या पळ्या मोजत असाव्यात. मी माझी एक मोजली.

मग धनकुंवर उठली, पदर खोचून तिने हातपाय धुतले.

"तीर्थ बठ्ठासनी लिधं," भागाबाई म्हणाली. "हाई पोर सोडीसन."

खरंच, तीर्थ सगळ्यांनी घेतलं होतं, या पोरीला सोडून. म्हणजे त्या सोवळ्या घरात चुलीला हात लावण्याजोगं माणूस एकच उरलं होतं. धनकुंवरने उंबरा ओलांडला, चूल पेटवली आणि आतून नम्रपणे विचारलं,

"सासूजी, तुमचं ताट पडवीत सरकवू? काठी कुठे ठेवली आहे?"