शेषराव भाऊजींचं आवतण

ईरा आणि निहार,

तुमचे बाबा दिवाळीत एकटेच येणार आहेत आणि येताना एक कागद आणणार आहेत. त्या कागदाबद्दल तुमच्या घरी जे बोलणं होईल, त्यात शेषराव भाऊजींचा उल्लेख ‘ते वेडे काका’ असा होईल. म्हणून त्याआधी मीच लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तीस वर्षं मी तेच शिकवलं. पण भाऊजी इंग्रजीत मावत नाहीत, मी प्रयत्न करून पाहिला. आईकडून वाचून घ्या.

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय बहात्तर, लग्न केलं नाही. महागावपासून अर्ध्या तासावर आपली घोड्यांची वाडी आहे, तिथेच त्यांचा जन्म गेला. आणि ते गवताचे आभार मानतात.

मी शब्दशः सांगते आहे. आषाढात कुंपणाजवळ मारवेल गवताचे कोंब वर आले की भाऊजी चपला काढून बांधावर उभे राहतात आणि रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “आला का बाप्पा? बरं केलं. कोणी बलावलं नोतं, तरी आला.” भाद्रपदात घोड्यांना गोमाशा त्रास देतात, तेव्हा त्या टिपणाऱ्या कोतवाल पक्ष्याचे आभार. कार्तिकात गवत कापायच्या आधी गवताची माफी आणि कापून झाल्यावर परत आभार. थंडीत घोडीच्या अंगावर दाट लव आली की त्या लवेचे. फाल्गुनात पळसाचे, चैत्रात मोहाचे. पावसाचे मात्र कधीच नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, त्याच्यावाल्या आरत्या ओवाळाले लोक कमी हायेत का.

नवीन शिंगरू उभं राहून चालायला लागलं की त्याला प्रत्येक झाडापाशी नेऊन ओळख करून देतात. हा निंब, हा कडू, हा चावू नको. ही बोर, हिच्याशी जपून. एकदा पशुवैद्य तपासायला आले होते, त्यांना ही ओळखपरेड संपेपर्यंत उन्हात उभं केलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, तेव्हा भाऊजींनी त्यांचीही ओळख शिंगराशी करून दिली, “हे डाक्टर. याइले लाथ मारू नको, घाईत हायेत.”

मला हे सगळं कौतुकाचं वाटत होतं असं समजू नका. मला नीटनेटकेपणा आवडतो. लग्न होऊन आल्यावर मी तबेल्यात एक वेळापत्रक लावलं होतं, दाणा-चंदी किती वाजता, पाणी किती वाजता, खरारा किती वाजता. भाऊजींनी ते आदरानं पाहिलं आणि म्हणाले, “घोड्याले वाचता येत नाई, वयनी. अन् मले गरज नाई.” वेळापत्रक पुढे उंदरांनी खाल्लं. त्यांनी उंदरांचे आभार मानले की नाही, मला माहीत नाही.

बाभळीपासून बगळ्यापर्यंत सगळ्यांचे उपकार आठवणारा हा माणूस माणसाचे आभार कधी मानत नसे. बेचाळीस वर्षं मी त्यांना ओसरीत ताट नेऊन दिलं. भाजी बरी झाली, एवढंही कधी आलं नाही. मी तुमच्या आजोबांकडे तक्रार केली, तर ते हसले आणि म्हणाले, गवताशी तुझी बरोबरी करायला तो भितो. हे उत्तर मला पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तुमचे आजोबा गेले. मग कळलं की सगळी बारा एकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. भाऊजींनी स्वतःचा हिस्सा कधी लावूनच घेतला नव्हता. दादाच्या नावानं हाय म्हंजे माह्याच नावानं हाय, असं ते तलाठ्याला सांगून आले होते म्हणे. तेव्हा जमीन आली माझ्या आणि तुमच्या बाबांच्या नावावर.

तुमच्या बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घोडे कोणी पाळत नाही, खर्च आहे, आई म्हातारी आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात सात एकर सौरऊर्जेच्या एका कंपनीला गेले आणि पाच घोडे विकले. सही माझी होती. स्वच्छ, वळणदार, एका रेषेत. भाऊजी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, यंदाच्या गवताचं बी पडू द्या, कार्तिकानंतर काय करायचं ते करा. मी तो निरोप फोनवर सांगितला. तुमचे बाबा म्हणाले, आई, गवताच्या बियांसाठी कोणी काम थांबवत नाही. जेसीबी आषाढातच आला. कोंब जेमतेम बोटभर होते. त्या दिवशी भाऊजी बांधावर उभे होते, चपला काढून, पण बोलले काही नाहीत.

आता पोळ्याबद्दल सांगते, कारण तुम्ही तो पाहिलेला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी त्यांना पुरणपोळी. आपल्याकडे बैल नाहीत, तर भाऊजी घोड्यांना आवतण देत. लोक हसत. आजोबांना त्यात काही वावगं वाटत नसे. जनावरं जेवली की मग दोघे भाऊ ओसरीत बसून जेवायचे.

गेल्या पोळ्याला मी ताट घेऊन ओसरीत गेले, तर भाऊजींनी हात आखडला. पाहुणा यायचा आहे म्हणाले. तबेल्यात तीनच जनावरं उरलेली, त्यांचं खाणं झालेलं होतं. कोण पाहुणा, म्हणून विचारलं. खूप खोदल्यावर कळलं, की आदल्या दिवशी हा माणूस एसटीनं उमरखेडला गेला होता. पंडितला आवतण देऊन आला होता.

पंडित हा आमचा पांढरा घोडा. खाताना सारखी मान हलवायचा, म्हणून ते नाव. तो उमरखेडच्या एका बँडवाल्याला वरातीसाठी विकला होता. आवतण दिलं म्हणजे पाहुणा जेवल्याशिवाय यजमानानं जेवायचं नाही आणि हा पाहुणा पन्नास किलोमीटरवर खुंट्याला बांधलेला.

मी चिडले. म्हटलं, घोडा विकला आहे भाऊजी, तो येणार नाही, तुम्ही जेवा. ते म्हणाले, “मी गेलतो वयनी त्याच्या दारात. जेवाले ये म्हटलं. आता माह्या तोंडाले काही किंमत हाय का नाई?”

दुपारी एक वाजला. दोन वाजले. मी शिस्तीची बाई. उपाशी माणूस दारात बसलेला मला पाहवत नाही. डब्यात पुरणपोळ्या भरल्या, पातळ बदललं आणि म्हटलं, चला. एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसले.

बँडवाला माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. मागे पत्र्याच्या शेडमध्ये पंडित उभा होता, शेपटीला मेंदीचा लाल रंग. भाऊजींनी मागून हाक मारली. घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही. पुन्हा हाक मारली. बँडवाला ओशाळून म्हणाला, “काका, समोरून जा. डीजेच्या आवाजानं त्याले आयकू कमी येते आता.”

भाऊजी समोर गेले. पंडितनं त्यांना हुंगलं, पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि बादलीकडे वळला. ओळख दाखवली नाही. भाऊजींनी त्याच्या मानेवर थोडा वेळ हात ठेवला. मग बादलीत वाकून पाहिलं आणि बँडवाल्याला म्हणाले, “पाणी सोच्छ ठेवता तुम्ही. पायलं मी.”

परतीच्या गाडीत मी त्यांना डब्यातली उरलेली पोळी दिली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आवतन पंडितले नोतं वयनी. तो येत नसते, येवढं कळते मले. घरी सोबत जेवाले कोणी पाह्यजे होतं. दादा गेल्यापासून सणाले एकटाच जेवून राह्यलो. म्हटलं, कोणाले तरी बलाववं.”

बेचाळीस वर्षं एका घरात राहून मी या माणसासोबत एकदाही जेवले नव्हते. त्यांचं ताट ओसरीत, माझं नंतर स्वयंपाकघरात, बातम्या ऐकत. घराची रीतच तशी होती आणि ती मी मोडली नाही, कारण मला रीती आवडतात. मला आवतण द्यावं असं त्यांच्या मनात आलं नाही, की धीर झाला नाही, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी दोन ताटं वाढली. ते अवघडून बसले, मीही. भाजी बरी झाली, हे काही त्यांच्याकडून आलं नाही.

आता तुमचे बाबा उरलेल्या पाच एकरांचा कागद आणताहेत. त्यांच्यावर रागावू नका. आकडे त्यांचे बरोबर असतात, माझ्या वेळापत्रकासारखेच. पण तुमच्या कानावर काहीही आलं, तरी जे आहे ते मी आश्विनातल्या आजच्या तारखेला लिहून ठेवते.

मी सही केलेली नाही आणि करणार नाही. पाच एकर गवत आहे, गुडघ्याच्या वर आलं आहे, कार्तिकापर्यंत त्याचं बी पडेल. सखू आणि मैना या दोन घोड्या आहेत, मैनेची शिंगरी आहे. शेषराव भाऊजी आहेत. आम्ही दोघं एकाच वेळी जेवतो.